वहिनीने मान डोलावली नव्हती

आमच्या वहिनीला हल्ली लोक धीराची बाई म्हणतात. मला ते ऐकवत नाही. कारण हेच लोक तेव्हा तिला पोटच्या पोरावर उठलेली बाई म्हणत होते, आणि माझ्या दुकानात पंक्चर काढायला येऊन "तुम्ही तरी समजवा हो तिला" असं मलाच शिकवत होते. समजवा म्हणे! वहिनीला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यात घडा चुकीचा होता असंही नाही, हे पुढे कळलं. पण ते पुढे.

मी शाळेत होतो तेव्हा ती मोठ्या भावाची बायको म्हणून घरात आली. आई आधीच गेलेली. वडील आणि आम्ही दोघे भाऊ, तिघेही आयते बसून खाणारे. तिने पहिल्याच आठवड्यात वडिलांच्या हातात केरसुणी दिली आणि माझा कान धरून मला पाढे म्हणायला बसवलं. त्यामुळे ती मला अरेतुरे करते आणि मीही तिला तूच म्हणतो. फक्त रागावली की मी 'भावोजी' होतो आणि तिच्या तोंडी 'तुम्ही' येतं. वहिनी अशी आदराने बोलायला लागली की शहाण्या माणसाने चपला शोधाव्यात.

भाऊ लवकर गेला. मुलगा तेव्हा लहान होता. त्याचं नाव काहीही असो, घरात तो ढब्बू. वहिनीने बायकांच्या तुरुंगातल्या धोबीखान्यात नोकरी धरली आणि हळूहळू तिथली मुकादम झाली. कैदी बायका चादरी धुवायच्या, ही त्यांच्याकडून काम करून घ्यायची. सोड्याने तिच्या बोटांची कातडी कायम सोललेली असायची. ढब्बू मोठा झाल्यावर तिच्याच शब्दावर त्याच तुरुंगाच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला. सकाळी दोघं डबे घेऊन एकत्र निघत. वाटेत ती त्याला शर्टाचं वरचं बटण लावायला सांगे आणि तो लावत नसे.

धोबीखान्यामागे चादरी वाळत घालायचं अंगण होतं. त्या अंगणाच्या एका बाजूला एकांत कोठडीचं दार. वळण लागावं म्हणून कैद्यांना तिथे ठेवायचे. एका उन्हाळ्यात तिथे एक तरुण मुलगी ठेवली होती. किरकोळ चोरीचा आरोप, खटला अजून उभासुद्धा राहिला नव्हता. ताप होता. ती दार वाजवत होती. वहिनीने जाऊन अधीक्षकांना सांगितलं. अधीक्षक म्हणाले, "नाटकं आहेत. उद्या बघू." सूर्य मावळायला आला, धोबीखाना बंद करायची वेळ झाली, तरी दारावरची थाप थांबेना. आवाज मात्र बारीक होत चालला होता. चावी मिळेना. मग वहिनीने एक टॉवेल पाण्यात चिंब भिजवला आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवला. पलीकडून तो ओढला गेला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी मेल्याचं कळलं. तुरुंगाने जाहीर केलं की तिला आदल्या दुपारीच इस्पितळात हलवलं होतं, ती तिथे दगावली. तुरुंगाने आपली आपणच चौकशी केली. तीत फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, गाडी कधी बाहेर पडली? पहारेकरी म्हणाला, दुपारी.

पहारेकरी म्हणजे आमचा ढब्बू.

टॉवेलचं वहिनी मला त्याच संध्याकाळी बोलली होती. ढब्बूने काय सांगितलं ते कळल्यावर तिने त्याला जेवताना एकदाच विचारलं, "गाडी दुपारी गेली?" तो ताटात बघून "हो" म्हणाला. तिने त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली आणि तो विषय घरातून संपला. निदान मला तसं वाटलं.

पण त्याच सुमारास विधिमंडळाची तुरुंग देखरेख समिती जागी झाली होती. तिने तुरुंगातल्या काही जणांना एकेक करून बंद खोलीत बोलावलं. वहिनी "दाढ दुखतेय, काढून येते" म्हणून गेली आणि संध्याकाळी सगळ्या दाढा घेऊन परत आली. मी काही विचारलं नाही. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही, बोललात तर सभागृहाचा अवमान होतो, असं तिला बजावलं होतं. ती बोलली नाही. पोटात दात असतात म्हणतात, हिच्या पोटात पूर्ण साक्ष होती आणि ही रोज त्याच पोराला डबा भरून देत होती. तिची एवढीच समजूत होती की आपण सांगितलंय ते योग्य ठिकाणी गेलं असेल. सरकारी काम आहे, वेळ लागतो.

वर्षं गेली. अधीक्षकांना बढती मिळाली. समितीचा अहवाल आला, त्यात "काही त्रुटी आढळल्या" असं होतं. मेलेल्या मुलीचा बाप, निवृत्त बस कंडक्टर, कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. शेवटी कोर्टाने नव्याने तपास करायला सांगितलं. तपास अधिकाऱ्यांनी समितीकडे मागणी केली, तुमच्यापुढे झालेल्या साक्षी द्या.

आणि एका सकाळी वर्तमानपत्रात समितीच्या अध्यक्षांचं उत्तर छापून आलं. साक्षी देता येणार नाहीत. साक्षीदारांनी नाव गुप्त राहावं म्हणून विश्वासाने तोंड उघडलं, त्या गरीब माणसांचा विश्वासघात समिती कदापि करणार नाही.

वहिनीने ते वाचलं. पुन्हा वाचलं. चहाचा कप बशीत ठेवला आणि जिना चढून माझ्या खोलीत आली.

"भावोजी," ती म्हणाली, "हे वाचा तुम्ही."

मी चपला शोधल्या.

"त्यातली एक गरीब माणूस मी आहे," ती म्हणाली. "हा माणूस माझ्या पदराआड लपतोय. अधीक्षकाला वाचवतोय आणि नाव माझं घेतोय! मी म्हटलं तपास चालू असेल. हे तर कुलूप घालून बसलेत."

माझ्या डोळ्यांपुढे ढब्बू उभा राहिला. मी म्हटलं, "वहिनी, झालं ते बरंच झालं की. तू तुझं सांगितलंस, तुझं मन मोकळं झालं. आता ते कपाटात आहे तर राहू दे. बाहेर आलं तर पहिला कोण अडकेल? अधीक्षक वकील लावेल. आपलं पोर काय लावेल?"

"ते मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"मग आई आहेस की कोण आहेस?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोललो. मला अजूनही वाटतं की तेव्हा कोणीतरी ते बोलायलाच हवं होतं. वहिनी म्हणाली, "त्या मुलीलाही कोणीतरी आई असेल. उद्या सकाळी दुकान बंद ठेवा. आपल्याला विधिमंडळाच्या कचेरीत जायचंय." आणि खाली गेली. मी दुकान बंद ठेवलं. ठेवणार नाही तर काय.

समितीचे सचिव म्हणजे बारीक अंगाचे, कपाळावर चष्मा ठेवून टेबलावर चष्मा शोधणारे गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. पण नियमात असा रुतलेला की बाहेर काढायचा तर टेबलासकट काढावा लागला असता.

"मी साक्षीदार क्रमांक चार," वहिनी म्हणाली.

सचिवांनी पेन खाली ठेवलं. "असं काही मला माहीत नाही."

"अहो, तुम्हीच मला पाणी दिलं होतंत. वर विचारलंत, पंखा कमी करू का."

"समितीपुढे कोण आलं आणि कोण नाही, हे मला सांगता येत नाही."

"तुम्ही नका सांगू. मी सांगतेय ना!"

"ते मला ऐकताही येत नाही."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरं, मग माझा अर्ज घ्या. माझी साक्ष तपासाला द्या, माझी हरकत नाही, असा."

सचिवांनी फार सौजन्याने समजावून सांगितलं की अर्ज घेता येईल. पण बंद बैठकीविषयीचा अर्ज असल्याने तो बंद कपाटात जाईल. ते कपाट समितीने ठरवलं तरच उघडतं. आणि समितीने तसं ठरवावं म्हणून कोणालातरी अर्ज करावा लागतो.

"आणि तो अर्ज कपाटात," वहिनी म्हणाली.

"हो."

"मी सरळ तपास अधिकाऱ्यांकडे जाते मग. मला काय कमी तोंड आहे?"

सचिव उठले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी उभे राहिले. मला वाटलं, हाकलणार. पण ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "समजा, एखादी बाई आहे."

वहिनीने क्षणभर विचार केला. "समजा आहे. आणि समजा तिचं डोकं फिरलंय."

"समजा. ती थेट तपासाला गेली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, इतकी वर्षं झोपला होतात का? आत्ता कोणी पढवलं? तिला म्हणावं लागेल, मी तेव्हाच समितीपुढे सांगितलं होतं. आणि एवढं म्हटलं तरी अवमान. म्हणजे तिचं तेव्हाचं बोलणं समितीकडूनच जायला हवं. नाहीतर तिच्या शब्दाला किंमत नाही."

"मग समजा, त्या बाईला तेच हवंय. नावासकट."

"पण समजा, तिनेच नाव झाकायला संमती दिलीय. कागदावर तसं आहे. अध्यक्ष त्यावरच तर बसलेत."

"बाईने अशी काही संमती दिली नव्हती."

सचिव गर्रकन वळले. चष्मा कपाळावरून थेट नाकावर आला. "समजा..." ते म्हणाले आणि पुढचं विसरले. "नव्हती दिली?"

"नाही."

"मान डोलावली होती."

"कोणी? मी? ते म्हणाले, तुमचं नाव या खोलीबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, का? मी काय चोरी केलीय? ते हसले आणि पुढचं विचारायला लागले. मान कशाला डोलावू मी? मी काय नंदीबैल आहे?"

सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि आमच्यापैकी कोणाकडेही न बघता, भिंतीला वाचून दाखवावं तसं वाचलं. साक्षीदाराला आपली साक्ष कचेरीत बसून वाचण्याचा आणि तीत नोंदवताना झालेली चूक दाखवण्याचा हक्क आहे. दाखवलेली चूक समितीच्या पुढच्या बैठकीपुढे ठेवली जाईल. "कोणी येत नाही कधी," ते म्हणाले. "आणि दुरुस्तीला आलेल्या साक्षीदाराला मला ओळखावंच लागतं. नाहीतर दुरुस्ती कोणाची म्हणून लिहिणार?"

"मग ओळखा," वहिनी म्हणाली.

"नमस्कार," सचिव म्हणाले. "बसा. कागद आणायला वेळ लागेल."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. तिथे आधीच एक म्हातारा बसला होता. पायात जुने बूट, मांडीवर पिशवी. कुठलीतरी पोच न्यायला आला होता. वहिनीला म्हणाला, "तुमचंही काम अडकलंय का?" आणि मग बोलतच गेला. माझी मुलगी तुरुंगात वारली. इथे समितीपुढे कोणीतरी तिच्याविषयी बोललंय म्हणतात. मला त्या माणसाला काही त्रास द्यायचा नाही. त्याला फक्त विचारायचंय, ती खरंच आजारी होती का. कारण तुरुंगवाले कोर्टात म्हणतात की ती नाटकं करायची. लहानपणी शाळा चुकवायला करायची ती नाटकं, खोटं कशाला बोलू. म्हणून मला रात्री झोप लागत नाही, वाटतं, खरंच केलं असेल का.

वहिनीने बाकाची कड इतकी घट्ट धरली होती की तिची सोललेली बोटं पांढरी पडली. तोंड उघडलं असतं तर सगळंच मुसळ केरात. ती त्याला एवढंच म्हणाली, "तुम्ही घरी जा, दादा. जेवलात का? जेवून घ्या." तो उठून गेल्यावर तिने माझ्याकडे तोंड केलं. मी तिला भावाच्या मरणातसुद्धा इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या नावावर हे चाललंय," ती म्हणाली. "त्याला हे छळतायत आणि माझ्या नावावर."

त्या दिवसापासून मी तिला समजावणं सोडलं. ढब्बूची काळजी सोडली नाही, पण तिला समजावणं सोडलं.

त्या साक्षीत काय होतं ते मी आता सांगू शकतो, कारण पुढे ते कोर्टात वाचलं गेलं. टॉवेलचं होतं. अधीक्षकांचं "उद्या बघू" होतं. आणि तिच्याच शब्दांत असंही होतं, "फाटकावर माझा मुलगा होता. गाडी दुपारी गेली असं तो म्हणतो. पण टॉवेल ओढला गेला तेव्हा सूर्य मावळत होता. टॉवेल काही आपणहून चालत नाही." म्हणजे पहिल्याच दिवशी, कोणी न विचारता, तिने पोराचं नाव टाकलं होतं. आणि सगळ्याच्या वर, पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या आश्वासनाखाली कंसात छापलं होतं, "साक्षीदार मान डोलावून संमती दर्शवतात."

सचिवांनी कागद आणल्यावर वहिनीने पेन्सिलने त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, "चूक. मी विचारलं होतं, का? मी काय चोरी केलीय? मला उत्तर मिळालं नाही."

आता ही दुरुस्ती बैठकीपुढे ठेवणं भाग होतं. बैठकीला वहिनीला बोलावलं, मी बाहेर बसलो. आत काय झालं ते तिने नंतर सांगितलं, आणि ती सांगताना दोन्ही बाजूंचे आवाज काढते, त्यामुळे मी तिथे असल्यासारखंच आहे.

अध्यक्षांनी आधी गोड बोलून पाहिलं. "बाई, आम्ही तुमच्याच भल्यासाठी करतोय."

"माझं भलं मी बघेन. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"इतक्या दिवसांनी तुम्हाला आठवतंय, मान डोलावली नव्हती म्हणून?"

तेव्हा साक्षी लिहून घेणाऱ्या लघुलेखिकेला बोलावलं. ती बिचारी रडकुंडीला आली होती. म्हणाली, "साहेब, सुरुवातीचं ते पान आम्ही टिपून घेत नाही. आधीच टंकून ठेवतो. प्रत्येक साक्षीला तेच पान लावतो. आजवर सगळ्यांनीच मान डोलावलीय, म्हणून तेही त्यातच छापलेलं असतं. आम्ही लिहायला लागतो ते त्यानंतर."

मग विरोधी बाकावरचे एक सदस्य खदखदून हसले म्हणे. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी समोरचे कागद सरळ केले आणि आवाज खाली आणला. "बाई, जरा मुलाचा विचार करा. हे तपासाला गेलं तर तुमचा मुलगा खोटं बोलला हे तुमच्याच तोंडून सिद्ध होणार. आईने असं करावं?"

म्हणजे त्यांनी साक्ष वाचली होती. नीट वाचली होती. टॉवेल ओढला गेला हे त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. हे सांगताना वहिनी अजूनही उठून उभी राहते.

"माझ्या मुलाचा विचार मी करेन," ती त्यांना म्हणाली. "तुम्ही त्या मुलीचा करायचा होता. ते तुमचं काम होतं. मी तुमच्याकडे संरक्षण मागायला आले नव्हते, सांगायला आले होते. आणि एक ऐका. बाकीच्या साक्षीदारांनी खरंच मान डोलावली असेल, तर त्यांचं झाकलेलंच ठेवा. त्यांची भीती त्यांच्यापाशी, मी त्यांना हसणार नाही. पण माझं बाहेर काढा. उद्यापासून 'साक्षीदारांसाठी' म्हणाल तर मी बाहेर पायरीवर उभी राहून ओरडेन की मी नाही त्यांत. मग करा अवमानाचा खटला."

मतं घेतली गेली. साक्ष झाकून ठेवायला अध्यक्षांच्या बाजूच्याच दोघांनी हात वर केले नाहीत. साक्षीदार क्रमांक चारची साक्ष, एकटीची, नावासकट तपासाकडे द्यायची असं ठरलं.

त्याच संध्याकाळी वहिनीने ढब्बूला समोर बसवलं. मला म्हणाली, "तूही थांब." 'तू' म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं.

"मी समितीपुढे बोलले होते," ती त्याला म्हणाली. "तेव्हाच. तुझं नाव घेऊन. आता ते तपासाला जाणार आहे."

ढब्बू दाराएवढा माणूस. तो उभा राहिला तसा खुर्ची मागे पडली. "आई, तू मला आत टाकायला निघालीस?"

"खोटं तू बोललास. खरं मी बोलले. दोन्हीचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस."

"साहेबांनी बोलावून सांगितलं, एवढंच म्हण की गाडी दुपारी गेली. नोकरीला लागून वर्ष नव्हतं झालं! काय करायला हवं होतं मी? सांग ना, काय करायला हवं होतं?"

"घरी येऊन मला सांगायला हवं होतंस," वहिनी म्हणाली. "मी विचारलं होतं रे तुला."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती पुढे म्हणाली, "तपासाचं बोलावणं येईल. मी जाणार. तुझ्यासाठी मी एक शब्द कमी करणार नाही आणि एक जास्तही बोलणार नाही. तू काय करायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्या पाया पडणार नाही आणि तुला शापही देणार नाही."

ढब्बू झोपायला माझ्या दुकानात आला. बोलावणं येईपर्यंत तो तिथेच राहिला. मला मदत म्हणून चाकांच्या तारा ताणत बसायचा आणि जास्त ताणून तोडायचा. वहिनी रोज डबा पाठवायची. तो रिकामा परत जायचा, पण निरोप एकही गेला नाही. गल्लीत बातमी फुटलीच होती. लोक सायकली घेऊन यायचे आणि त्याच्या देखत मला विचारायचे, बाई अशी कशी हो? एकाला मी म्हटलं, तुमची सायकल दुसरीकडे न्या. गिऱ्हाईक तुटलं. तुटू दे.

तपास कचेरीत जायच्या दिवशी तो सकाळी उठून दाढी करून आला. वहिनी घराच्या दारात उभी होती. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मी मध्ये चाललो.

तपास अधिकारी एक बाई होत्या, सर्दीने नाक लाल झालेल्या. त्यांनी सांगितलं, आई आधी आत येईल, तुम्ही दोघं बाहेर बसा. मुलाचं नंतर बघू, त्याला आज बोलायचं असेल तर शेजारच्या खोलीत वेगळा अधिकारी आहे, सक्ती नाही. जाताना वहिनी वळली नाही. दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. दार लाकडी, पण पातळ. पहिल्यांदा काही ऐकू येत नव्हतं. मग वहिनी रंगात आली आणि शब्दन् शब्द यायला लागला. मुलगी दार कसं वाजवत होती ते. अधीक्षक काय म्हणाले ते. ढब्बू दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होता. मग अधिकारीबाईंनी काहीतरी विचारलं, आणि वहिनीचा आवाज आला, "फाटकावर माझा मुलगा होता. हो, माझाच. एकुलता एक आहे. लिहा, माझाच मुलगा होता."

ढब्बूने शर्टाचं वरचं बटण चाचपलं आणि उठला. मला वाटलं, निघाला. मी त्याचा हात धरायला गेलो, तर तो जिन्याकडे वळलाच नाही. शेजारच्या खोलीचं दार उघडून आत गेला आणि मला त्याचं पहिलंच वाक्य ऐकू आलं. "गाडी दुपारी गेली नव्हती. मला खोटं बोलायला लावलं होतं, आणि मी बोललो."

बऱ्याच वेळाने वहिनी बाहेर आली. बाकावर मी एकटाच होतो. तिने बाकाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"गेला?"

"शेजारच्या खोलीत आहे," मी म्हटलं. "लिहून देतोय."

ती माझ्या शेजारी बसली. "केव्हापासून?"

"तू त्याचं नाव घेतलंस तेव्हापासून."

"म्हणजे माझा आवाज बाहेर येत होता?"

"वहिनी, रस्त्यापर्यंत येत होता."

"येऊ दे," ती म्हणाली.